कपाळातून काढलेलं नाक

मी भोरला नर्स होते असं सांगितलं की समोरचा लगेच विचारतो, "म्हणजे बाळंतपणं ना?" बाळंतपणं केलीच. पण त्यांच्यावर लिहायचं काय? बाळ येतं, रडतं, आजी विचारते मुलगा की मुलगी, आणि उत्तर ऐकून एक तर पेढे येतात, नाही तर सुस्कारा. संपली गोष्ट. माझ्या नोकरीत मला खरी गोडी लागली ती नाक-कान दुरुस्तीची, आणि त्याबद्दल मला आजवर कुणी एका शब्दानं विचारलेलं नाही. तेव्हा न विचारताच सांगते.

आमच्या त्या मुलखात बायकांच्या कानांवर फार भार. बुगड्या, कुडी, वेल, आणि सासूनं दिलेलं आणखी काही असेल तर तेही. कानाची पाळी ओघळत जायची आणि एक दिवस भारा उचलताना नाही तर पोरानं ओढल्यावर टर्रकन फाटायची. अशी पाळी जोडताना नुसती सुई-दोरा घेऊन भागत नाही. फाटून बरी झालेली कड दुसऱ्या कडेला कधीच चिकटत नाही. दोन्ही कडा आधी सुरीनं खरवडायच्या, रक्त येऊ द्यायचं आणि मग शिवायच्या. रक्त आलं की त्या जुळतात. भाऊबंदकीत नेमकं याच्या उलट असतं, म्हणून मला कान शिवणं नेहमी सोपं वाटलं. पानशेतकडची एक बाई (तेव्हा पानशेत नुसतं गाव होतं, धरण कुणाच्या स्वप्नातही नव्हतं) टाके काढायला आली आणि मलाच म्हणाली, "बाई, आता भोक जरा मोटं ठिवा. बुगडी जड करून घेतलीया."

आणि भोंगवलीचा तो गडी! बांधावरून मारामारी झाली, चुलतभावानं कानाचा तुकडा तोडला. याला कुणीतरी सांगितलं होतं की तुकडा नेला तर दवाखान्यात जोडून देतात. शहाण्यानं तो वाटेत नासू नये म्हणून मीठ-हळद चोळून पळसाच्या पानात बांधून आणला. डॉक्टरांनी पान उघडलं आणि कपाळाला हात लावला. गडी म्हणाला, "सकाळधरनं मुरतोय, चांगला टिकलाय." जोडायला तो कामाचा उरलाच नव्हता. गडी रागावून तुकडा परत घेऊन गेला. त्याचं पुढे काय केलं ते विचारायची माझी छाती झाली नाही.

हे डॉक्टर म्हणजे आमच्या संस्थानी दवाखान्याचे मोठे डॉक्टर. सगळे त्यांना डॉक्टरसाहेब म्हणत. पहिल्या महायुद्धात अगदी तरुणपणी ते बसऱ्याच्या लष्करी इस्पितळात होते. तिथं गोळ्यांनी चेहरे उडालेले शिपाई त्यांनी पाहिले आणि त्यांचे चेहरे पुन्हा उभे करणारा एक सर्जनही पाहिला. तेव्हापासून चेहरा हा त्यांचा ध्यास झाला होता. बदली होऊन भोरला आले तेव्हा त्यांच्या मनात एकच इच्छा होती, की आपल्या हातून एक संपूर्ण नाक व्हावं आणि त्यावरच्या निरीक्षणांचा एक निबंध लिहावा. उघड बोलत नसत. पण बाह्यरुग्णांची रांग बघताना ते प्रत्येकाच्या नाकाकडे असे पाहायचे, की धडधाकट नाकाच्या माणसाला उगाच अपराधी वाटावं.

आणि एका सकाळी तोरण्याच्या पायथ्याच्या एका गावाहून रामजी पाटील आले.

उंचापुरा माणूस, भरघोस मिशा, तोंडाला उपरणं असं गुंडाळलेलं की फक्त डोळे दिसत होते. बरोबर त्यांची म्हातारी आई, ताईआजी. बाहेर चिंचेखाली एक तांबडी घोडी बांधली होती, मोठी रुबाबदार. पाटलांनी उपरणं सोडलं. मिशा जागच्या जागी होत्या आणि त्यांच्या वर, जिथं नाक असायचं, तिथं मुळाशी थोडा उंचवटा आणि खाली दोन भोकं. जखम केव्हाच भरलेली होती.

"काय झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"बिबट्या," पाटील म्हणाले.

डॉक्टर वाकले. चेहरा उजेडाकडे फिरवला. गालावर ओरखडा नाही, मिशीचा एक केस कमी नाही. "मोठा नेमका बिबट्या होता हो पाटील. नाक तेवढं मोजून घेऊन गेला."

पाटील उपरण्याची घडी घालू लागले. ताईआजी खिडकीतून चिंचेकडे बघत होत्या. शेवटी त्याच फुटल्या. "कसला बिबट्या! ती काय भाईर हुबी हाय, ती. पावणं आलं का ह्यो दातात गुळाचा खडा धरायचा आन् घोडीच्या म्होरं त्वांड करायचा. म्हनायचा, बगा, कशी लेकरावानी खाती. येक दिस तिनं गूळ बी खाल्ला आन् नाक बी."

"आये!" पाटील ओरडले. मग माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाले, "बाई, भाईर बोलू नगा. बिबट्याच म्हना."

मी हसू आवरायला ओठ चावले. पण पुढचं ऐकून हसू गेलं. पाटलांची एकुलती एक लेक, हौसा. भोरजवळच्या उत्रोलीच्या सखाराम तात्यांच्या मुलाशी तिची सुपारी फुटलेली. पाटील घोडीचं नाव सांगायला लाजले. सगळ्या मावळात जिचं कौतुक करून ठेवलं तिनंच नाक खाल्लं हे सांगायचं कसं? म्हणून बिबट्या. पण बिबट्याची गोष्ट ऐकायला आलेल्यांना चेहऱ्यावर नखाची रेघ दिसेना. माणूस तोंड झाकून घरात बसलेला. लोकांनी आपापसात एकच अर्थ काढला: महारोग. त्या काळी नाक झडलेलं माणूस दिसलं की दुसरा विचारच कुणाच्या मनात येत नसे. तात्यांनी निरोप धाडला, वैशाखापर्यंत थांबतो, तोवर खरं काय ते कळू द्या, नाही तर सुपारी परत. आणि महारोग्याची लेक म्हणून एकदा सुपारी परत आली, की दुसरीकडून कुठून येणार?

"मी दाखला देतो की महारोग नाही," डॉक्टर म्हणाले.

"दाखल्याला नाक असतंय व्हय, डाक्टर?" पाटील म्हणाले. "मला नाक द्या. पोरीच्या लग्नात उपरनं काडून हुबं ऱ्हायचंय मला."

डॉक्टरांचे डोळे लकाकले. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते नाक नसलेलं माणूस स्वतःच्या पायांनी चालत आलं होतं.

आता नाक कसं करतात ते थोडक्यात सांगते. नाकाला जाड कातडं लागतं आणि तसं दुसऱ्या कुठून आणून चिकटवता येत नाही, रक्ताविना ते मरतं. म्हणून शेजारून उसनं घ्यायचं. कपाळावर नाकाच्या मापाचा तुकडा आखायचा आणि तो तीन बाजूंनी सोडवायचा. खाली भुवईपाशी एक देठ मात्र तसाच ठेवायचा, कारण त्या देठातून रक्त येतं. मग तो तुकडा पानासारखा वळवून खाली आणायचा आणि नाकाच्या जागी शिवायचा. तीनेक आठवड्यांत नवी जागा त्याला स्वतःचं रक्त देऊ लागते. मग देठ कापायचा. कपाळावरच्या उघड्या जागेवर मांडीची पातळ साल लावायची. आपल्या देशात हे काम फार जुनं आहे, असं डॉक्टर मोठ्या अभिमानानं सांगायचे, आणि लगेच पुढे म्हणायचे, की म्हणून ते सोपं आहे असं समजू नका.

हे सगळं ऐकून ताईआजी उठून उभ्याच राहिल्या. "कापायचं तर मांडीचं कापा, पाठीचं कापा. कपाळाला हात लावायचा न्हाई. पाचवीला सटवाईनं तितं लिवलंय."

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "आजी, आम्ही ते काढून टाकत नाही. खाली वळवतो. लिहिलेलं जातंय कुठं? नाकावर येईल."

"सुलटं येनार का उलटं?"

दुसऱ्या कुणीही सुलटं म्हणून वेळ मारून नेली असती. आमचे डॉक्टर शास्त्राच्या बाबतीत खोटं बोलत नसत. "उलटं," ते म्हणाले. "तुकडा वळवावा लागतो, म्हणजे कपाळाची वरची बाजू नाकाच्या शेंड्याला येते."

"ऐकलंस, रामा? मंग ते उलटं कोन वाचनार? यम वाचनार?"

पाटलांनी कपाळ चोळलं. "आये, आजवर सुलटं हुतं, तवा घोडीनं नाक खाल्लं. आता जरा उलटं करून तर बगू."

ताईआजी पुन्हा खाली बसल्या. मला वाटतं त्या धार्मिक असल्या तरी हिशेबी होत्या, आणि हा हिशेब त्यांना पटला.

मग नाकाच्या मापावरून घोळ. डॉक्टरांनी सिगारेटच्या डबीतला चांदीचा कागद कापून नमुना केला आणि पाटलांच्या चेहऱ्यावर ठेवून पाहिला. आजींनी बघून नाक मुरडलं. "एवढंसं? ह्येच्या आज्याचं नाक लांबनं दिसायचं. आमच्या घरान्याचं नाक हाय त्ये." पाटलांनाही मोठंच हवं होतं. डॉक्टर वैतागून म्हणाले, "आजी, कपाळ चार बोटांचं आणि मागणी सहा बोटांची!" खरंच पाटलांचं कपाळ अरुंद होतं, केस खाली उतरलेले. शेवटी दोन्ही बाजूंनी थोडं थोडं सोडलं. नमुना वाढवला, तो वर केसांच्या रेघेत थोडा घुसला. डॉक्टर पुटपुटले, "पुढे याचा त्रास होईल." पण आजींचं समाधान झालं होतं आणि ते मोडायला कुणी धजलं नाही.

शस्त्रक्रिया सकाळी, खिडकीच्या उजेडात झाली. थोडं क्लोरोफॉर्म, बाकी भुलीची इंजेक्शनं. मी हत्यारं देत होते. डॉक्टर घरी स्वभावानं अघळपघळ माणूस, चष्मा कुठं ठेवला ते बायकोला विचारणारे, पण त्या दिवशी त्यांचे हात इतके शांत आणि हलके चालले होते की मला भरून आलं. शेवटचा टाका घातल्यावर तुकडा जरा निळसर दिसला आणि आम्ही दोघं श्वास रोखून बसलो. हळूहळू तो गुलाबी झाला. डॉक्टर मला म्हणाले, "बाई, चहा टाका." आनंद झाला की ते एवढंच बोलत.

देठ असलेलं ते नाक दिसायला मात्र विलक्षण होतं. भुवयांमधून कातड्याची वळकटी निघायची आणि नाकावर येऊन टेकायची. वॉर्डात कुणाला तरी भेटायला आलेली एक म्हातारी पाटलांच्या खाटेपाशी थबकली, हात जोडले आणि कुठूनशी दोन दुर्वा आणून उशाशी ठेवून गेली. पाटलांनी तिला आशीर्वादही दिला.

आणि मग लागला तो शोध. नवं नाक माशीनं शोधून काढलं. माशी नाकावर बसली की पाटील फाडकन कपाळावर मारून घ्यायचे. माशी नाकावर, चापट कपाळाला. मला वाटलं गुंगी उतरली नसेल. डॉक्टरांनी पाहिलं आणि ते जागच्या जागी उडाले. डोळे मिटायला सांगून त्यांनी कापसाचा बोळा नाकाच्या शेंड्याला लावला. "कुठं लागलं?" पाटील म्हणाले, "कपाळावर, केसांपाशी." ऊन पाण्याची नळी नाकाला लावली. "कपाळ भाजतंय." कोंबडीचं पीस फिरवलं. "कपाळाला गुदगुल्या हुत्यात."

डॉक्टर मला समजावून सांगत होते, "बाई, कातडं खाली आलं पण त्याच्या नसा देठातून अजून वरच जातात. मेंदूला वाटतं हे कपाळच आहे. माणसानं बिऱ्हाड बदललं तरी टपाल जुन्या पत्त्यावर येतं ना, तसं." हे पुस्तकातून त्यांना माहीत होतं. पण देठ कापल्यावर तो पत्ता कधी बदलतो, आधी काय बदलतं, ऊन की थंड की टोचणं, हे त्यांना स्वतः पाहायचं होतं. ते रोज पाटलांच्या नाकाला काही ना काही लावायचे. पाटील वैतागून मला म्हणायचे, "बाई, डाक्टर माझं नाक करत्यात का माझं भविष्य बगत्यात?"

देठ कापायला थोडे दिवस उरले असताना उत्रोलीचे सखाराम तात्या न सांगता आले. बरोबर नवऱ्या मुलाचा मामा. तात्या सडपातळ, शांत, स्वभावानं वाईट नव्हते. मोठा लाल फेटा बांधून आले होते. खाटेपाशी उभे राहून त्यांनी ती वळकटी बघितली, घसा साफ केला. "पाटील, राग मानू नगा. आमचंबी येकच पोरगं हाय. लोक म्हनत्यात, त्यो रोग असला म्हंजी टोचल्यालं कळत न्हाई. आमाला तेवढं बगू द्या. मंग तुमी म्हनाल ती तिथ."

मामाच्या हातात बाभळीचा काटा होता. तयारीनंच आले होते.

मी मध्ये पडणार तोच पाटील म्हणाले, "टोचा." त्यांना वाटलं, काटा टोचला की आपण ओरडू, झालं काम. मामानं नव्या नाकाच्या शेंड्याला काटा टोचला.

"आय आय आय!" पाटील ओरडले, आणि दोन्ही हातांनी कपाळ धरलं.

तात्या आणि मामा एकमेकांकडे बघू लागले. मामानं पुन्हा टोचलं. पाटलांनी पुन्हा कपाळ धरलं. "कुठं लागलं?" तात्यांनी विचारलं. घाबरल्या माणसाला खोटं सुचत नाही. "कपाळावर," पाटील म्हणाले.

आरडाओरडा ऐकून डॉक्टर धावत आले. घडलं ते ऐकलं आणि त्यांचा चेहरा एकदम फुलला. "काट्यानं सुद्धा? वा, वा! हे मी अजून करून पाहिलं नव्हतं. पाहिलंत ना, नाकाला स्वतःची काहीच जाणीव नाही! अजिबात नाही!"

सगळा वॉर्ड ऐकत होता.

"ऐकलंत पाटील?" तात्या खिन्नपणे म्हणाले. "डाक्टरच म्हनत्यात नाकाला कळत न्हाई." त्यांनी फेटा सारखा केला आणि जायला वळले. डॉक्टरांच्या लक्षात आलं आपण काय करून बसलो. ते टपाल, बिऱ्हाड, नसा, सगळं घाईघाईनं सांगू लागले. जितकं सांगावं तितका मामाचा चेहरा अधिक संशयी होत गेला. मीसुद्धा सांगून पाहिलं. माझं ऐकतंय कोण! ताईआजी पदर डोळ्यांना लावून कोपऱ्यात बसल्या होत्या.

पाटलांनी वॉर्डभर नजर फिरवली. त्या खोलीत त्यांच्या खोऱ्यातली निदान चार माणसं होती. इथं बोललेला शब्द पुढच्या बाजारापर्यंत तोरण्याखालच्या वेल्ह्यात पोचणार हे ठरलेलं.

"तात्या, थांबा," ते म्हणाले. "बिबट्या न्हवता."

तात्या थांबले.

"रोग बी न्हवता. माझ्या घोडीनं खाल्लं नाक. म्या दातात गूळ धरला, तिनं नाकासकट घेतला. लाज वाटली म्हनून बिबट्या म्हनलो. आन् त्या लाजंपायी माझ्या पोरीचं लगीन मोडाया लागलंय. आता हसा सगळी."

आणि वॉर्ड हसला. पलीकडचा हर्नियाचा रोगी पोट धरून हसायला लागला आणि मला धावत त्याच्याकडे जावं लागलं. पाटील मान खाली घालून बसले होते. मला त्या क्षणी त्यांचा फार अभिमान वाटला. लेकीसाठी माणसं घरदार विकतात हे ऐकलं होतं. या माणसानं ऐट विकली, आणि पाटलाला ती घरापेक्षा महाग.

तात्या हसले नाहीत. विचार करत म्हणाले, "घोडी नाक खाती? कुठली घोडी?"

"ती काय, आजून चिंचेखालीच बांदलीया. जा, बगा."

तात्या आणि मामा बाहेर गेले. आम्ही खिडकीतून बघत होतो. तात्या शेतकरी माणूस, जनावराला भ्यायचं ठाऊक नव्हतं. घोडीच्या तोंडापाशी जाऊन ते वाकून तिचे दात बघू लागले. घोडी अगदी लेकरासारखी शांत उभी होती. मग तिनं मान लांब केली आणि तात्यांचा फेटा धरला. तात्या ओरडले, फेटा ओढू लागले. घोडीनं फेटा सोडला आणि त्यांचा दंड धरला.

थोड्या वेळानं तात्या आत आले. फेटा गळ्यात, बाही फाटलेली. मी स्टूल पुढे केलं आणि आयोडीन घेतलं. आयोडीन लागताच त्यांनी दात आवळले, डोळ्यांतून पाणी आलं. डोळे पुसून ते पाटलांना म्हणाले, "पटलं. वैशाखात लगीन धरू. पर येक गोष्ट आदीच सांगतो. ही घोडी आंदन द्यायची न्हाई."

हे सांगताना मला नेहमी हसू येतं आणि पाठोपाठ वाईटही वाटतं. पाटलांना रोग नव्हता म्हणून सगळं गोड झालं. ज्यांना खरोखर होता, ते त्याच चिंचेच्या पलीकडे, रस्त्याच्या कडेला फडकं पसरून बसायचे. त्या काळी कुठल्याही साध्या दवाखान्यात त्यांना खाट मिळत नसे. त्यांच्या मुलींच्या सुपाऱ्या परत आल्या असतील, तेव्हा त्यांच्यासाठी बोट दाखवायला घोडी कुठं होती? डॉक्टर कधी कधी खिडकीत उभे राहून तिकडे बघत. मग हात धुवायला जात.

पुढे देठ कापला, नाक सुटं झालं. आणि डॉक्टरांनी पुटपुटलेला त्रास उगवला, म्हणजे शब्दशः उगवला. नाकाच्या शेंड्यावर केस आले. डोक्याचे काळे, राठ, चांगले वाढणारे. दवाखान्यात हजामत करायला येणारा न्हावी वस्तरा हातात धरून पाटलांपुढे बसला आणि बराच वेळ बघत राहिला. "पाटील, ह्ये डोईत धरायचं का दाढीत?" पाटील म्हणाले, "मिशीत धर." पुढे कितीतरी दिवस डॉक्टर चिमट्यानं एकेक केस मुळापासून उपटायचे, आणि प्रत्येक केसाला पाटील सवयीनं कपाळ चोळायचे.

त्या निबंधाचं काय झालं ते इथंच सांगून टाकते. डॉक्टरांनी तो मनापासून लिहिला. स्पर्शाचा पत्ता कसा बदलला, अरुंद कपाळाला मोठ्या नाकाचा हट्ट कसा भोवतो, सगळं. मुंबईच्या त्यांच्या एका वडीलधाऱ्या सर्जन मित्रानं वाचून सांगितलं, लेखन उत्तम आहे, फक्त ते घोडीचं आणि फेट्याचं काढा, छापायला देऊ. डॉक्टर म्हणाले, "इजेचं कारण कसं काढणार?" मित्र म्हणाला, "मग फेटा तरी काढा." डॉक्टर म्हणाले, "निदान पक्कं झालं ते फेट्यामुळे." दोघेही हट्टी. निबंध छापून आला नाही. मला त्याची रुखरुख अजून आहे. फेटा काढायला काही हरकत नव्हती असं माझं मत आहे, पण मला कुणी विचारलं नाही.

वैशाखात लग्न झालं. डॉक्टरांना आणि मला मानाचं बोलावणं होतं. नसरापूरपर्यंत सर्व्हिस मोटारीनं आणि पुढे बैलगाडीनं हाडं खिळखिळी करत आम्ही तोरण्याच्या पायथ्याला पोचलो. डॉक्टरांच्या खिशात कापूस होता, कोंबडीचं पीस होतं, शिवाय उसना आणलेला कॅमेरा गळ्यात. गर्दीतून वाट काढून पाटलांना एका बाजूला घ्यायचं आणि नाक तपासायचं, असा त्यांचा बेत. मला माझी काळजी. "नाकाला हात लावायचा नाही, शिंकरायचं तर मुळीच नाही," असं मी पाटलांना इतक्या वेळा बजावलं होतं की ते मला लांबून बघताच दोन्ही हात पाठीमागे बांधून घेत.

पाटील मांडवाच्या तोंडाशी उभे होते. उपरणं खांद्यावर, चेहरा उघडा. येणारा जाणारा आधी त्यांच्या नाकाकडे बघायचा, मग दुसऱ्याला कोपरानं ढोसायचा. बायका पदराआडून बघत होत्या. पोरं तर समोर बसकण मारून बघत होती. एकानं मोठ्यानं विचारलंच, "ह्येच का त्ये कपाळाचं?" पाटील मिशीतल्या मिशीत हसून उत्तर देत होते, पण दर वेळी हात उपरण्याकडे जाई आणि ते तो मागे घेत. मी बघत होते. अक्षता पडल्या, जेवणं उठली, तरी लोकांचं बघणं संपेना.

मग पाठवणीची वेळ झाली. हौसा सासरच्या गाडीपाशी आली, ताईआजींच्या पाया पडली आणि वडिलांच्या गळ्यात पडून रडायला लागली. "आबा, घोडीला गूळ हातानं द्या," एवढंच ती हुंदक्यात म्हणाली. एवढा धिप्पाड माणूस, त्याचा बांध फुटला. पोरीला पोटाशी धरून पाटील ओक्साबोक्शी रडले. तिला गाडीत बसवलं, आणि बैल हलले तसं त्यांनी उपरण्याचं टोक घेतलं, नाकाला लावलं आणि सगळ्या जोरानं, मांडव दणाणेल असं नाक शिंकरलं.

मी डोळे मिटून घेतले. डॉक्टरांनी माझं मनगट गच्च धरलं होतं. डोळे उघडले तर नाक जागच्या जागी होतं, लाल झालेलं, ओलं, चार बापांचं अशा वेळी होतं तसं. पाटलांनी ते पुन्हा एकदा खसाखसा पुसलं आणि गाडीमागून चार पावलं चालत गेले.

डॉक्टरांनी माझं मनगट सोडलं. कॅमेऱ्याचं झाकण पुन्हा लावलं. मांडवातली सगळी माणसं, मघाची ती पोरं, बायका, सखाराम तात्या, सगळी वाटेकडे वळून उभी होती आणि हौसाची गाडी वळणाआड जाईपर्यंत तिच्याकडे बघत होती. पाटलांच्या नाकाकडे बघणारे आता आम्ही दोघंच उरलो होतो.